कुसुमचे चाचे

तार आली तेव्हा मी अलिबागच्या घरी गच्चीवर पापड वाळत घालत होते. पोस्टमननं खालून हाक मारली, मी जिन्यापर्यंत आले आणि म्हटलं, हात तेलाचे आहेत रे बाबा, तूच वाच. आमच्याकडे तार यायची ती मुलाची. बाळूला पत्र लिहायचा भारी कंटाळा, मुंबईहून यायचं असलं की तारेनं कळवून मोकळा होतो. त्यामुळे मी निर्धास्त होते. पोस्टमननं तार उघडली, मनातल्या मनात वाचली, आणि जिना चढून माझ्यापुढे धरली. माझ्या दिराची होती, श्रीवर्धनहून. कुसुम गेली, लगेच निघा... मी तेलाच्या हातानंच ती घेतली आणि तिथेच जिन्यात बसले.

कुसुम माझी धाकटी जाऊ. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. आता दोन महिने होत आले. भेटायला येणारी माणसं तोंड पाडून बसतात, मीही थोडा वेळ पाडून बसते, पण खरं सांगू का, मला कुसुमवर धड रडतासुद्धा येत नाही. ती आठवली की आधी हसूच फुटतं, आणि मग हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागतो. त्या दिवशी दिघीला जायला तरीत बसले होते, शेजारच्या बायका माझा चेहरा बघून गप्प झाल्या होत्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर काय होतं, तर नखशिखांत काळी झालेली पोरं आमच्या वाडीत बोंबलत शिरताहेत आणि बैलगाडीवर उभी राहून कुसुम शीळ घालते आहे. ते सांगितल्याशिवाय कुसुम कोण होती हे कुणाला कळायचं नाही, म्हणून तेच सांगते.

ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा स्वातंत्र्य अजून नवं नवं होतं आणि साखर रेशनवर होती. माहेर गिरगावातल्या चाळीतलं, वडील गोदीत कारकून. आम्ही श्रीवर्धनची नारळ-पोफळीच्या वाडीतली माणसं, पहाटे उठून शिंपण्याच्या पाळ्या सांभाळणारी. या मुंबईच्या मुलीचं इथं कसं होणार, याची काळजी सगळ्या आळीला. पहिल्याच आठवड्यात ती विहिरीवर उभी राहून दोन बोटं तोंडात घालून अशी काही शीळ वाजवायला लागली की पोफळीवर चढलेला आमचा गडी धर्मा घाबरून अर्ध्यातून खाली आला. वडिलांबरोबर गोदीत जाऊन जाऊन खलाशांकडून शिकली होती. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसानं शीळ घातली तर घरात साप येतो. कुसुम म्हणाली, येऊ दे की, उंदीर फार झालेत. सासूबाईंना इतकं उलट बोललेलं मी बारा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलंच.

आळीतली पोरं तर तिच्यावर जीव टाकायची. आमच्या गावात चाच्यांच्या गोष्टी पोरांना मऊ आटवल भाताबरोबर भरवतात. चाचे खाडीतून कसे आले, सुपारीची पोती कशी पळवली, बायकांनी नथी विहिरीत कशा टाकल्या, हे सगळं रोज संध्याकाळी. आम्ही त्याच त्या गोष्टी सांगायचो, कुसुम मात्र चाच्यांच्या बाजूनं सांगायची. तिचे चाचे भुकेलेले असायचे, त्यांना जहाजावर नुसतं कडधान्य खाऊन कंटाळा आलेला असायचा, त्यांच्यातल्या एकाला अंधाराची भीती वाटायची. पोरं जेवता जेवता उठून तिच्या ओट्यावर येऊन बसायची.

मग तिला दिवस गेले आणि पोटातलं मूल गेलं. वर्षभरानं पुन्हा तसंच. बायका काही बोलल्या नाहीत, पण ओटीच्या कार्यक्रमांना तिला बोलावणं उशिरा यायला लागलं, मग यायचंच बंद झालं. त्यातच शेजारच्या दुर्गाबाईंकडे बारसं झालं. कुसुम गेली, पाळण्यातल्या मुलाला उचलून घेतलं, त्याच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ राहिली असेल, कोण मोजतंय? त्या मुलाला दुसऱ्या दिवशी ताप भरला. दुर्गाबाईंनी मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या, आणि मिरच्यांचा ठसकाच आला नाही. ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मूल बरं झालं, पण आळीतल्या पोरांचं आमच्या ओट्यावर येणं थांबलं. कुणी भांडलं नाही की काही नाही. फक्त कुसुम रस्त्यानं निघाली की आया पोरांना आत हाका मारायच्या, दूध प्यायला, पाढे म्हणायला, कशालाही.

दुर्गाबाई दुष्ट नव्हत्या, हे मी तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणते. दोन मुलं मातीआड केलेली बाई ती. तिला सगळीकडे भीतीच दिसायची. पण राग यायचा तो यायचाच. मी तोंडाची फटकळ, दोनदा विहिरीवर त्यांना सुनावलंसुद्धा. कुसुमची मात्र शीळ बंद झाली. एकदा दुपारी मी तिच्या खोलीत गेले तर ट्रंक उघडी, लुगडी आत घातलेली. म्हणाली, वैनी, मी माहेरी जाते, तिथं चाळीत निदान पोरांचा गलका तरी कानावर पडतो. किती दिवसांसाठी, विचारलं तर आणखी एक लुगडं घडी घालून आत टाकलं. तिचे यजमान, आमचे भावोजी, दाराशी उभे होते, ते नुसते खांब नखानं खरवडत राहिले.

बाळूचा आठवा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. मार्गशीर्षातला, तिथीनं. मी म्हटलं, निदान तेवढा होऊ दे, मग जा. आणि बाळूनं, तो माझाच मुलगा, वेळ साधून तिला मिठी मारली आणि म्हणाला, काकू, मला औक्षण नको, मला चाचा व्हायचंय. कुसुमनं ट्रंकेचं झाकण हळूच खाली केलं. मुंबईला कुठल्याशा साहेबाच्या मुलाच्या वाढदिवसाला सगळी पोरं चाच्यांची सोंगं घेऊन आली होती, असं तिनं वडिलांकडून ऐकलं होतं. ती बाळूकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळली.

"वैनी, आळीतल्या सगळ्या पोरांना बोलवू. आली तर मी राहते. नाही आली तर दुसऱ्या दिवशीची बोट."

मी म्हटलं, येतील. मनात मात्र देवाला साकडं घातलं.

ते चार दिवस आमच्या घरात जे काही झालं ते सांगायला लागले तर हा अंक पुरायचा नाही. वाडीच्या टोकाला मोडकी बैलगाडी पडली होती, तिचं जहाज. धर्मानं वाळलेल्या पोफळीचा सोट आणून मधोमध डोलकाठी उभी केली, मागं सरून बघितलं आणि कुसुमला विचारलं, "वयनी, जहाज हाय का लग्नाचा मांडव हाय ह्यो?" शिडाला सासूबाईंचं जुनं लुगडं. ते मागायला कुणी जायचं यावरून आम्हा दोघींवर चिठ्ठी टाकायची वेळ आली, शेवटी बाळूला पाठवलं. निशाणाला माझी मोडलेली छत्री फाडून तिचं काळं कापड. कुसुम त्यावर चुन्यानं माणसाची कवटी काढणार होती, चाच्यांची असते म्हणे तशी. मी म्हटलं, अगो, वाढदिवसाच्या दिवशी कवटी? सासूबाई आपल्यालाच डोलकाठीला टांगतील. ती विचारात पडली, आणि मग कोपऱ्यातला सोललेला नारळ उचलून माझ्यापुढे धरला. दोन डोळे, एक तोंड, वर शेंडी. हुबेहूब. तोच काढला, खाली दोन कोयते एकमेकांवर ठेवलेले. आमचं निशाण असं झकास फडफडायला लागलं की देवळात निघालेले लोक वाट सोडून बघायला यायचे.

पोफळीची विरी तुम्हाला ठाऊक असेल, झावळीचं ते रुंद चामड्यासारखं बूड. भिजवून दुमडलं की हवा तो आकार घेतं. त्याच्या टोप्या केल्या, ढीगभर. तलवारी झावळीच्या हिरांच्या, पातीमधल्या त्या लवचिक काड्यांच्या. चाचे दारू पितात हे बाळूला पक्कं ठाऊक होतं, म्हणून कोकमाचं सरबत रिकाम्या बाटल्यांत भरून बुचं मारली. साखर कुठली, सगळा गूळ. केकच्या जागी तवसाचं धोंडस, काकडी आणि गुळाचं, पेटीच्या आकाराचं थापलेलं. बटाटेवड्यांबरोबर पाव पाहिजेच, असं कुसुमचं म्हणणं, आणि बाजारातल्या बेकरीचा पाव आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं सासूबाईंचं. कुसुम म्हणाली, जहाज परमुलखातलं आहे, तिथं या घरचा कायदा लागत नाही. सासूबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, मग वडेसुद्धा तिथंच तळा, पाव लागलेले हात माझ्या कढईला नकोत. म्हणजे वाडीत चूल मांडणं आलं. मांडली. घरातलं हे भांडण ऐकून मला जो आनंद झाला तो काय सांगू, कितीतरी महिन्यांनी ही मुलगी कुणाशी तरी भांडत होती.

चाच्यांच्या जहाजावर भरती व्हायची एकच अट. प्रत्येकानं स्वतःच्या घरून काहीतरी चोरून आणायचं, संध्याकाळी परत करण्याच्या बोलीवर. बाळू दारोदार जाऊन ही अट ओरडून सांगून आला. पोरांचे डोळे असे चकाकले की मला खात्रीच वाटली... आणि मग आयांचे चेहरे दिसले.

त्या दिवशी दुपार कलली. शीड वाऱ्यानं फुगलं होतं, चुलीवर तेल तापलं होतं, तांब्याच्या घागरीत आंबावडी, फणसपोळी आणि मुंबईच्या गोळ्या भरून खजिना माडाच्या आळ्यात पुरून झाला होता. बाळूला तर कुसुमनं तव्याच्या काजळीत खोबरेल कालवून मिशा काढल्या होत्या, त्यानं उत्साहाच्या भरात उरलेली सगळी काजळी स्वतःच तोंडाला फासून घेतली होती, नुसते डोळे आणि दात दिसत होते. आणि बेडं, म्हणजे वाडीचं फाटक, उघडं, रस्ता मोकळा. कुणी नाही. एकही नाही. आजूबाजूच्या घरांतून पोरांच्या रडण्याचे, हट्टाचे आवाज येत होते, आणि मधेच धपाटा. कुसुम गाडीच्या जुवावर बसली होती, डोक्यावर विरीची टोपी, मांडीवर हात. म्हणाली, वैनी, तेल उतरवा, उगाच जळतंय. तिचा आवाज इतका साधा होता की मला तो सहन होईना. मी कढई उतरवली नाही. बाळूचा हात धरला आणि चपला न घालताच रस्त्यावर आले.

दुर्गाबाई पडवीत सुपारी निवडत बसल्या होत्या. त्यांची शकू, बाळूच्याच वयाची, खांबाला धरून हुंदके देत होती. मी भांडायच्याच तयारीनं गेले होते. पण दुर्गाबाई माझ्याआधी बोलल्या, आणि त्यांच्या बोलण्यात भांडण नव्हतंच. म्हणाल्या, माझ्यावर चिडू नको इंदू, पोरं तिच्यासमोर उघड्या तोंडानं खायला बसणार, आणि ती बिचारी बघणार, बघणारच ना, तिचा तरी काय दोष, पण मला धीर होत नाही. माझा सगळा राग जागच्या जागी बसला. भीतीशी काय भांडायचं? तेवढ्यात शकूनं बाळूकडे बघितलं आणि रडता रडता खुदकन हसली, आणि मी पण बघितलं, आणि माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला.

"दुर्गाबाई," मी म्हटलं, "तुम्ही शकूला तीट लावता ती केवढी? मसुराएवढी. आणि तेवढ्यानं दृष्ट टळते. आता या माझ्या ध्यानाकडे बघा. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसती तीटच तीट. दृष्टीला बसायला जागा कुठाय?"

दुर्गाबाईंनी बाळूला हनुवटीला धरून उन्हात वळवलं. या गालावर, त्या गालावर, कानामागे. सुपारी पारखावी तसं पारखलं. हे थट्टेवारी नेण्याची सोय नव्हती, त्यांच्या दृष्टीनं तो अगदी रीतसर प्रश्न होता आणि त्याचं रीतसर उत्तर शोधायला हवं होतं. मग त्या उठल्या, आत गेल्या, चुलीवरचा तवा उलटा करून घेऊन आल्या, शकूला समोर बसवलं आणि म्हणाल्या, डोळे मिट.

आहा, काय सांगू पुढचं... बातमी वाऱ्यासारखी पसरली. घरोघरी तवे उलटे झाले. एकीनं चेहरा रंगवला म्हणून दुसरीनं मान, दुसरीनं मान म्हणून तिसरीनं कोपरापर्यंत हात. आपलं लेकरू शेजारणीच्या लेकरापेक्षा गोरं दिसता कामा नये, अशी चढाओढ आमच्या आळीत त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटची झाली असेल. जोश्यांची काजळी संपली तर त्यांनी शेजारून वाटीभर उसनी नेली. आणि मग ती सगळी टोळी एकदम सुटली. बेड्यातून आत शिरली ती किंचाळतच, कोण कुणाचा ओळखू येईना, काळ्या तोंडांतून पांढरे दात, आणि प्रत्येकाच्या हातात चोरीचा माल. कुणाकडे आजोबांच्या खडावा, कुणाकडे देवघरातली घंटा, एकानं तर आजीची चालती जपमाळ हातातून ओढून आणली होती. शकूच्या परकराच्या ओच्यात दुर्गाबाईंचा अडकित्ता.

कुसुम उठून उभी राहिली होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती या पोराकडून त्या पोराकडे बघत होती, आणि म्हणाली, वैनी, मी नुसत्या मिशा म्हटल्या होत्या... मी चुलीत लाकूड सारलं. तिनं टोपी सारखी केली, टुणकन गाडीवर चढली, दोन बोटं तोंडात घातली, आणि तिची ती शीळ निघाली. वाडीतले कावळे एकजात उडाले. मी कढईत वडे सोडले, आणि चुलीच्या धुराच्या नावाखाली पोटभर रडून घेतलं.

मग दंगा. जहाज वादळात सापडलं, धर्मा आणि भावोजी दोन्ही बाजूंनी गाडी गदागदा हलवताहेत, चाचे पालथे पडताहेत. माझे दीर, ज्यांचा आवाज घरात कधी ऐकू यायचा नाही, ते लाटांचा आवाज काढत होते. अंगणात वाळत घातलेल्या सुपारीतून टोळी धडाधडा पळाली, सासूबाई काठी घेऊन मागे, आणि थोड्या वेळानं बघते तर सासूबाई गाडीवर बसलेल्या, पोरांनी त्यांना पकडून कैदी केलं होतं आणि त्या कैदेत पाव नको म्हणून नुसता वडा खात होत्या. तेव्हा दारूबंदी कडक होती. रस्त्यानं जाणाऱ्या हवालदाराला एवढी काळी पोरं बाटल्या तोंडाला लावून नाचताना दिसली, तो तावातावानं आत आला, एक बाटली हुंगली, मग चाखली, मग सगळी प्याला. म्हणाला, चौकशी पूर्ण व्हायला आणखी एक लागेल. खजिना शोधायला कुसुमनं पोरांना विहिरीपासून केवड्यापर्यंत आणि केवड्यापासून रहाटापर्यंत असं पळवलं की धापा टाकत सगळी माडाच्या आळ्यात कोसळली आणि नखांनी माती उपसायला लागली. घागर वर आली तेव्हाचा आरडाओरडा बंदरावर ऐकू गेला असणार. आणि सगळी खायला बसली ती तिच्या भोवतीच, तिच्या डोळ्यांसमोर, तोंडं वासून. ती एकेकाच्या तोंडात धोंडसाचा तुकडा घालत होती.

ऊन उतरलं तसं कुसुमनं विहिरीवर गरम पाण्याचा हंडा ठेवला. एवढ्या काळ्या पोरांना तसंच कसं घरी पाठवणार? तेलात कालवलेली काजळी ती, साध्या पाण्याला दाद देईना. ती चण्याचं पीठ घेऊन बसली आणि पहिली शकूलाच पुढ्यात ओढली. आणि बेड्यातून दुर्गाबाई आत येत होत्या. अडकित्त्यावाचून त्यांची दुपार सुपारीशिवाय गेली होती, तो न्यायला आल्या होत्या. येता येता विहिरीपाशी थबकल्या. कुसुमनं पीठ चोळलं, पाण्याचा हबका मारला, आणि शकूचा एक गाल उघडा झाला. मग दुसरा. मग कपाळ. गोरंपान, लालबुंद झालेलं, उघडं तोंड कुसुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. दुर्गाबाईंनी एक पाऊल पुढं टाकलं आणि तिथंच थांबल्या. मी त्यांचा हात धरणार होते, पण का कोण जाणे, धरला नाही.

कुसुमनं पदरानं शकूचा चेहरा कोरडा केला. मान वर केली आणि सरळ दुर्गाबाईंकडे बघितलं. मग हंड्याच्या बुडाला करंगळी लावली, ती काळी झाली.

"दुर्गावैनी," ती म्हणाली, "हिला तीट तुम्ही लावता की मी लावू?"

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. कधी कळलं, कुणी सांगितलं, की पोरांची तोंडं बघूनच ती समजली होती... मी तिला पुढं कधीही विचारलं नाही. रहाटाची माळ टपटप गळत होती. मग दुर्गाबाई खाली बसल्या, शकूच्या शेजारी, ओल्या दगडावरच, आणि म्हणाल्या, "तूच लाव गो."

त्यांची शकू दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाखालून सरपटत आली, उरलेल्या खजिन्यावर आपला हक्क सांगायला. ठणठणीत. मी कुसुमच्या खोलीत डोकावले तर ट्रंकेतली लुगडी पुन्हा दांडीवर होती, आणि ती खिडकीत बसून पोरांसाठी विरीच्या टोप्यांना नव्यानं दोरा घालत होती. त्या दिवशीची बोट तिच्याशिवाय गेली.

नंतर चाच्यांचा सण आमच्या आळीत दर वर्षी व्हायचा. बाळू मोठा झाला, त्याला मिसरूड फुटलं तरी व्हायचा, कारण खाली नवी नवी पोरं तयारच असायची. कुसुमला स्वतःचं मूल झालं नाही. ते दुःख गेलं, असं काही मी म्हणणार नाही, ती रात्रंदिवस हसत होती असंही नाही. पण तिची करंगळी मात्र आळीत सगळ्यांना लागायला लागली. कोणी बाळंतीण सव्वा महिन्यानं बाहेर पडली की आधी देवळात आणि मग कुसुमकडे. ती एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट धरून काजळ पाडायची, लोण्यात खलायची, आणि मुलाला घेऊन त्याच्याकडे पोटभर बघायची. अगदी सावकाश बघायची, कुणी घाई करायचं नाही. मग तीट. ही पद्धत कुणी घातली असं नाही, पडली. मधे माझ्या यजमानांची अलिबागच्या शाळेत बदली झाली आणि आम्ही तिकडे गेलो. तिच्या प्रत्येक पत्रात एवढंच, वैनी, अमक्याकडे मुलगी झाली, नाक फताडं आहे पण डोळे काय टपोरे.

यंदा ती गेली त्याच आठवड्यात शकू बाळंत झाली, पहिलटकरीण, माहेरी आलेली. मुलगा झाला. मी दिवसकार्य आटोपूनही श्रीवर्धनलाच राहिले होते, भावोजींना एकटं सोडवेना. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी ओट्यावर पावलं वाजली. शकू आली होती, दुपट्यात गुंडाळलेलं मूल घेऊन, आणि मागं दुर्गाबाई. केस आता पांढरे झालेत त्यांचे, गुडघ्यांनी चालवत नाही. देवळातून थेट इकडे आल्या होत्या. शकू म्हणाली, काकू नाही हे माहीत आहे गो मावशी, पण आईनं ऐकलंच नाही, चल म्हणाली. मूल गोरं, जावळ भरगच्च, आणि कपाळावर त्याच्या आजीनं लावलेली भली मोठी तीट.

कुसुमची खोली मागल्या बाजूला, वाडीकडे खिडकी. भावोजींनी काही हलवलेलं नाही. तिची खाट तशीच, उशीला अजून तिच्या डोक्याचा खळगा. मी दार उघडलं. शकू आत पाऊल टाकणार तोच दुर्गाबाईंनी तिला अडवलं. मूल स्वतःकडे घेतलं, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं, आणि नातवाच्या कपाळावरची तीट पुसायला लागल्या. एकदा, पुन्हा एकदा, कपाळ लाल होईपर्यंत.

शकू घाबरून म्हणाली, "आई, अगो काय करतेस?"

"असू दे," दुर्गाबाई म्हणाल्या. "तिची नजर लागू दे त्याला."

आणि त्यांनी ते उघड्या तोंडाचं मूल आत नेऊन कुसुमच्या खाटेवर निजवलं. तिच्या नजरेच्या मधे कुणाची सावली नको, म्हणून आम्ही तिघी भिंतीकडे सरकून उभ्या राहिलो.